आंबापाणीच्या दोन्ही बाजू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी ९ ऑगस्टला, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाला, तळोद्याच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका आश्रमशाळेत मला बोलावलं होतं. खाज्या नाईकांवरची कविता म्हणा, असा मुख्याध्यापकांचा आग्रह होता. मी कविता म्हटली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. आभार मानण्याआधी मुख्याध्यापक रीतीप्रमाणे म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय का?" अशा वेळी सहसा कुणी उठत नाही. त्या दिवशी नववीतला एक मुलगा उठला.

"सर, खाज्या नाईकांना मकराण्यानं मारलं ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग तुम्हीपण मकराणीच ना?"

सभागृह एकदम गप्प झालं. मुख्याध्यापक त्याच्यावर डोळे वटारून म्हणाले, "बस खाली." मी म्हटलं, "राहू द्या, विचारू द्या." पण विचारू द्या म्हणणं सोपं होतं. उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोललो. सगळे भारतीय भाऊ-भाऊ, इंग्रजांनी फूट पाडली, वगैरे. त्या मुलानं मान डोलावली आणि तो खाली बसला. त्याला उत्तर मिळालं नव्हतं, हे त्याला कळलं होतं आणि मलाही.

आजचं हे भाषण म्हणजे त्या मुलाला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

आधी माझ्याबद्दल सांगतो. मकराण हा अरबी समुद्राच्या काठचा, आज पाकिस्तान आणि इराण यांच्यात वाटला गेलेला रुक्ष मुलूख. पावसाची खात्री नाही, शेतीचा भरवसा नाही. तिथली माणसं पोटासाठी बंदूक खांद्यावर टाकून गुजरात, काठेवाड, खानदेश असं करत पूर्वेकडे आली. संस्थानिकांच्या, जहागीरदारांच्या पदरी शिबंदीत राहिली. आपल्या अक्कलकुवा-तळोद्याकडे मेवासी संस्थानिक होते, तिथेही अशी शिबंदी होती. बंदूकवाला मकराणी, बंदूकवाला अरब हा त्या काळी खानदेशात नवलाचा माणूस नव्हता. १८१८ साली मालेगावच्या किल्ल्यात इंग्रजांशी झुंजले ते अरबच होते. पुढे बंदुका गेल्या. कुणी शेती केली, कुणी दुकान टाकलं. माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं.

आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जायची. आजोबा सांगायचे, त्यांच्या आधी त्यांचे आजोबा सांगायचे. गोष्ट अशी, की आपला एक पूर्वज आंबापाणीच्या लढाईत नाईकांच्या बाजूनं लढला आणि तिथेच पडला. या गोष्टीला कागद नाही. पण लहानपणी ती ऐकताना माझी छाती फुगायची. गल्लीतल्या भिल्ल, पावरा मित्रांना मी ती रंगवून सांगायचो. तुमच्या नाईकांसाठी आमचा माणूस मेला, असा तो तोरा होता.

नंदुरबारला बी. ए. करत असताना कॉलेजच्या ग्रंथालयात जिल्ह्याच्या इतिहासाची पुस्तकं चाळली, तेव्हा गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सापडला. आंबापाणीला भिल्लांच्या जोडीनं मकराणी आणि अरब लढले, हे खरं होतं. आणि १८६० साली खाज्या नाईकांचा विश्वास संपादन करून, त्यांच्या गोटात शिरून, त्यांना दग्यानं मारलं तेही एका मकराणी जमादारानंच, हेही खरं होतं. मी पुस्तक मिटलं. घरी वडिलांना ते कधीच सांगितलं नाही. आजोबा तेव्हा हयात नव्हते, याचं बरंच वाटलं.

तर मित्रहो, त्या मुलाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर "हो" हेच आहे. पण ते पूर्ण उत्तर नाही. पूर्ण उत्तरासाठी चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. तो खानदेश म्हणजे उजाड मुलूख होता. त्याआधीची पंधरा-वीस वर्षं होळकरांच्या फौजा, १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढाऱ्यांच्या धाडी, यांनी गावंच्या गावं ओस पडली होती. शहाद्याजवळचं सुलतानपूर हे एके काळचं भरभराटीचं ठाणं मोडून पडलं ते याच काळात. भिल्ल पूर्वापार गावाचे जागल्ये होते. गावाची राखण करायची, चोराचा माग काढायचा, घाटातून जाणाऱ्या वाटसरूला सुखरूप पोचवायचं आणि त्याबद्दल आपला हक्क घ्यायचा, ही त्यांची पद्धत होती. गावच राहिलं नाही तर राखण कशाची करणार? हक्क देणारा राहिला नाही, तेव्हा घाटवाट अडवून तो घेतला जाऊ लागला. कंपनीनं त्याला दरोडा म्हटलं. भिल्लांच्या दृष्टीनं तो थकलेला हक्क होता.

कंपनीनं आधी बंदुकीचा उपाय करून पाहिला. सात वर्षं सातपुड्यात, सातमाळ्यात तुकड्या पाठवल्या, पाड्यांची नाकेबंदी केली, नाईकांना पकडलं, फासावरही दिलं. डोंगर शांत होईनात. शिवाय डोंगरातल्या हिवतापानं सरकारी शिपाईच जास्त मरत होते. शेवटी १८२५ साली मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं धोरण बदललं. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी काढल्या. एक कन्नडला, एक धरणगावला आणि एक कुकरमुंड्याला. नंदुरबार, सुलतानपूर हा आपला भाग कुकरमुंड्याच्या एजंटाकडे आला. तापीकाठचं हे कुकरमुंडे १९६० साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा गुजरातेत गेलं. पण आमच्या तळोद्याहून ते आजही सोयऱ्याच्या घराइतकं जवळ आहे.

एजन्सीचं काम दोन तऱ्हांचं होतं. जे शेती करायला तयार होतील त्यांना जमीन, बैल, बियाणं यांसाठी तगाई द्यायची. जे हत्यार सोडायला तयार नसतील त्यांच्या हातात सरकारी हत्यार द्यायचं. या दुसऱ्या कामासाठी धरणगावला जेम्स औट्राम नावाचा बावीस वर्षांचा लष्करी अधिकारी आला आणि त्यानं खानदेश भिल्ल पलटण उभी केली. कागदोपत्री तिचं नाव 'भिल्ल कोअर'.

सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच लोक आले. सरकार आपल्याला एका जागी गोळा करून मारून टाकणार, अशी धास्ती भिल्लांमध्ये होती आणि आधीच्या सात वर्षांचा अनुभव पाहता ती अगदीच खोटी नव्हती. औट्राम त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला. त्यानं बायकापोरांना पलटणीच्या वस्तीत जागा दिली. मागचे गुन्हे माफ झाले. हळूहळू माणसं वाढली, दोन-तीन वर्षांत काही शे झाली. ही पलटण मालेगावच्या छावणीत गेली तेव्हाची एक आठवण औट्रामनं नोंदवून ठेवली आहे. तिथल्या नियमित पलटणीतले उच्चवर्णीय शिपाई या भिल्ल शिपायांना भेटायला आले आणि त्यांनी त्यांना पानसुपारी दिली.

आज ऐकताना ही गोष्ट लहान वाटेल. पण ज्याला गावाच्या वेशीवर उभं करायचे, ज्याच्या सावलीचाही संशय घ्यायचे, त्याच्या तळहातावर कुणी पान ठेवलं, याचा विचार करा. माणसं पलटणीत पगारासाठी गेली, माफीसाठी गेली, हे खरंच आहे. पण त्या पानासाठीही गेली असतील, असं मला वाटतं. माझ्यासारख्या माणसाला ते समजायला अवघड जात नाही. मराठीत लिहिणाऱ्या मकराण्याला पहिल्यांदा कुणी व्यासपीठावर बोलावून नारळ दिला होता, तेव्हा त्या नारळाचं मोल नारळवाल्याच्या भावानं होत नव्हतं.

पण पान खाल्लं की त्याची किंमतही येते. १८३० साली डांगच्या भिल्ल राजांवर स्वारी झाली. औट्रामबरोबर कोण होतं? भिल्ल पलटण. पुढच्याच वर्षी यावल-अडावदकडच्या तडवींना वठणीवर आणण्याची मोहीम झाली. हे तडवी म्हणजे मुसलमान झालेले भिल्ल, धर्मानं माझे आणि रक्तानं त्या शिपायांचे. तिथेही औट्रामच होता आणि त्याची ही पलटण होती. डोंगराची वाट गोऱ्या साहेबाला माहीत नव्हती. पाण्याचा झरा कुठे, रात्री कुठल्या टेकडीवर जाळ दिसला म्हणजे काय समजायचं, हे साहेबाला कळत नव्हतं. ते ज्याला कळत होतं तो आता साहेबाच्या पुढे चालत होता.

मग आलं १८५७. उत्तरेत मेरठ, दिल्ली, कानपूर पेटलं. आपल्याकडे सातपुड्यात दोन नाईक उठले, खाज्या नाईक आणि भीमा नाईक. खाज्या नाईकांना कागदपत्रांत काजरसिंग म्हटलं आहे. आता इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खाज्या नाईक हे सरकारच्या बाहेरचे नव्हते. आग्र्याहून मुंबईला जाणारा रस्ता सेंधव्याच्या घाटातून उतरतो. त्या घाटाची राखण आधी त्यांचे वडील गुमान नाईक यांच्याकडे आणि मग त्यांच्याकडे होती. म्हणजे तेही नोकरीतले होते, रखवालदारच होते. एका पकडलेल्या माणसाच्या मृत्यूवरून त्यांना शिक्षा झाली, तुरुंगात जावं लागलं. सुटून आल्यावर पुन्हा कामावर घेतलं गेलं आणि मग त्यांनी बंडाचा झेंडा उचलला. १८५७ च्या अखेरीला सरकारी खजिना लुटला गेला, तो सात लाख रुपयांचा होता असं सांगतात. ज्या रस्त्याची राखण केली तोच रस्ता त्यांनी अडवला.

हे एकट्या खाज्या नाईकांचंच नाही. नाशिक-नगरकडे भागोजी नाईक उठले, तेही आधी पोलिसातले अधिकारी. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोट्याजवळ त्यांनी लेफ्टनंट हेन्रीला पाडलं. त्यांच्या विरोधात सरकारनं कोळ्यांची पलटण उभी केली. १८५९ च्या नोव्हेंबरात सिन्नर तालुक्यात मिठसागर इथे पोलिसांशी लढताना भागोजी पडले. म्हणजे बंडखोर हा कालचा शिपाई होता आणि त्याच्यावर चालून येणारा शिपाई हा कालच्या बंडखोराचा मुलगा किंवा पुतण्या होता.

११ एप्रिल १८५८. सातपुड्यात, आज महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाची हद्द जिथून जाते त्या भागात, आंबापाणीला लढाई झाली. एका बाजूला नाईकांचे भिल्ल, त्यांच्या जोडीला मकराणी, अरब. दुसऱ्या बाजूला मेजर इव्हान्स याच्या हाताखाली कंपनीचं हिंदी पायदळ आणि त्यांच्याबरोबर खानदेश भिल्ल पलटण. दिवसभर झुंज चालली. खडकांच्या आडून बंदुका झाडल्या गेल्या, तीर सुटले. सरकारकडचे अधिकारी आणि शिपाईही पडले, घायाळ झाले. शेवटी नाईकांची बाजू मोडली. पकडलेल्यांपैकी पन्नासाहून जास्त जणांना तिथल्या तिथे लष्करी न्यायाचा देखावा करून गोळ्या घातल्या. बायकापोरं धरून नेली, त्यांत नाईकांच्या घरच्या बायकाही होत्या. पुढे खाज्या नाईकांना दग्यानं मारलं. भीमा नाईक बरीच वर्षं डोंगरात लपत राहिले, तेही फितुरीनंच हाती लागले आणि त्यांना काळ्या पाण्यावर, अंदमानला पाठवलं. त्यांचा शेवट तिथेच झाला.

याला काय म्हणायचं? सरकारी कागद बंड म्हणतात. आपली पुस्तकं उठाव म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण मराठीत आणखी एक शब्द आहे, यादवी. द्वारकेचे यादव प्रभासच्या किनाऱ्यावर जमले, बोलता बोलता भांडण झालं, हाताला लागेल ते गवत उपटून एकमेकांवर धावले आणि सगळं कुळ संपलं. बाहेरचा शत्रू तिथे नव्हता. आंबापाणीला बाहेरचा होता, हुकूम त्याचाच होता. म्हणून आंबापाणीला नुसती यादवी म्हणून चालणार नाही. पण खडकाच्या दोन्ही बाजूंनी एकाच बोलीतल्या शिव्या ऐकू आल्या असणार, यात मला शंका नाही.

जगात असं अनेक ठिकाणी झालं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध झालं, तेव्हा केंटकी, मिसुरी यांसारख्या मधल्या राज्यांतल्या एकाच घरातले भाऊ दोन्ही फौजांत होते. तिथल्या खेड्यापाड्यांत आज दोन्ही बाजूंच्या शिपायांच्या नावांचे दगड दिसतात आणि त्यांतले कुठले ठेवायचे, कुठले काढायचे यावर अजून वाद होतात. आपल्याकडे १८५७ ला दिल्लीला वेढा घालणाऱ्या कंपनीच्या फौजेतही हिंदी शिपाई मोठ्या संख्येनं होते. म्हणजे हा फक्त भिल्लांचा किंवा फक्त मकराण्यांचा कलंक नाही. पण दुसऱ्याच्याही घरी असंच झालं म्हणून आपल्या घरची गोष्ट सांगायची टळत नाही.

माझे एक मित्र आहेत, भिल्ल, निवृत्त शिक्षक. त्यांच्याशी मी आश्रमशाळेतला प्रसंग बोललो. चहा झाला, थोडा वेळ ते गप्प बसले आणि मग म्हणाले, "भाऊ, तुमचं तरी बरं. तुम्हाला पोरानं तोंडावर विचारलं. आम्हाला कुणी विचारतही नाही." मी म्हटलं, "म्हणजे?" तेव्हा त्यांनी सांगितलं, की त्यांच्या घराला जुनी माणसं 'पलटणवाले' म्हणायची. लहानपणी त्यांना वाटायचं, हे मानाचं नाव आहे. वडिलांना एकदा विचारलं, आपल्यातलं पलटणीत कोण होतं? वडील म्हणाले, "होते कुणीतरी. ते नाव घ्यायचं नाही." एवढंच. वडील गेले. आता विचारायला कुणी उरलं नाही.

"दरवर्षी नाईकांच्या फोटोला हार घालतो," ते म्हणाले. "मनापासून घालतो. पण हार घालताना वाटतं, माझा पणजा त्या दिवशी डोंगराच्या खालच्या बाजूला होता की काय. गोऱ्याला वाट कुणी दाखवली, हे भाषणात कुणी सांगत नाही. सांगितलं तर फितूर म्हणून एका शब्दात संपवतात. फितूर असेल तर असेल. पण त्याला घरी किती पोरं होती, त्याच्या बापाला फाशी दिलं होतं की तगाई दिली होती, हे तरी विचारा."

श्रोतेहो, मी त्यांचं बोलणं ऐकलं आणि मला कळलं, की आम्ही दोघं एकाच बाकावर बसलेलो आहोत. माझ्या घरानं सोयीची अर्धी गोष्ट सांगत ठेवली. त्यांच्या घरानं गैरसोयीची अर्धी गोष्ट दाबून टाकली. दोन्ही घरांनी पोरांना अर्धंच दिलं.

इथे माझ्या बोलण्याचा गैरसमज होऊ नये. दोन्ही बाजू सारख्याच होत्या, असं मी म्हणत नाही. एका बाजूला आपला डोंगर, आपला हक्क, आपली माणसं राखण्यासाठी उठलेले लोक होते. दुसऱ्या बाजूला समुद्रापलीकडच्या व्यापारी कंपनीचा हुकूम होता. हार कुणाला घालायचा याबद्दल माझ्या मनात संशय नाही. खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचे पुतळे व्हावेत, शाळेच्या पुस्तकात त्यांची नावं ठळक यावीत. नंदुरबारच्या चौकात ९ सप्टेंबर १९४२ ला गोळ्या झेललेल्या शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांची आठवण आपण जपतो, तशीच आंबापाणीची जपली पाहिजे. शहराच्या आठवणीला चौक मिळतो आणि डोंगराची आठवण डोंगरातच राहते, हे काही बरं नाही.

पण पुतळ्यापाशी उभं राहिल्यावर पलटणीतल्या माणसाकडे पाठ फिरवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. त्याचा पुतळा नको, त्याचा हार नको. त्याची हकिकत हवी. ज्या सरकारनं त्याच्या हातातलं तीरकामठं घेऊन बंदूक दिली, त्या सरकारनं हे काही त्याच्या भल्यासाठी केलं नव्हतं. डोंगर स्वस्तात ताब्यात ठेवायचा होता. गोरा शिपाई तापानं मरतो, डोंगरातला मरत नाही, हा साधा हिशेब होता. तोच हिशेब इतर ठिकाणीही झाला. १८४१ साली मेवाडातही भिल्लांची पलटण उभी राहिली, माळव्यातही होती. आपल्या खानदेश पलटणीचं काम पुढे पोलिसांचं होत गेलं आणि शेवटी ती पोलीस दलातच मिसळून गेली. तिच्या शिपायांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. आंबापाणीला रांगेत उभं करून मारलेल्यांची जशी नाहीत, तशीच यांचीही नाहीत. हरलेला आणि जिंकलेला, दोघंही निनावी. नाव राहिलं ते औट्रामचं. तो पुढे लखनौला गेला, सर झाला, कलकत्त्यात त्याचा घोड्यावरचा पुतळा उभा राहिला.

भुकेल्या माणसासमोर एका हातात फास आणि दुसऱ्या हातात पगार धरला, तर त्याच्या निवडीला निवड म्हणायचं का? आणि म्हणायचं नसेल, तर ज्यांनी तरीही डोंगराची बाजू धरली त्यांचं मोठेपण किती वाढतं! पलटणीतल्या माणसाची गोष्ट सांगितल्यानं नाईक लहान होत नाहीत. उलट ते काय सोडून उठले, हे पोरांना तेव्हाच कळतं. खाज्या नाईकांसमोरही पगाराची नोकरी होती. त्यांनी तिच्यावर पाणी सोडलं.

या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी पुन्हा त्या आश्रमशाळेत गेलो. कार्यक्रम काही नव्हता. मुख्याध्यापकांना म्हटलं, "त्या मुलाशी बोलायचंय." ते जरा घाबरले. मुलगा आता दहावीत होता, आवाज फुटला होता. आम्ही व्हरांड्यात बसलो. मी त्याला म्हटलं, "तू विचारलंस त्याचं उत्तर हो असं आहे. नाईकांना मारणारा मकराणी होता. आंबापाणीला नाईकांसाठी मेले त्यांच्यातही मकराणी होते. आमच्या घरात दुसरी गोष्ट सांगतात, पहिली सांगत नाहीत. मी दोन्ही सांगायला आलोय." मग धरणगाव, पलटण, पानसुपारी, सगळं सांगितलं.

त्यानं नीट ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे पलटणीत आपलेच होते?"

'आपले' या शब्दात त्यानं मला धरलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, "हो, आपलेच."

तो म्हणाला, "आजीला विचारतो. ती खूप जुनं सांगते."

"विचार," मी म्हटलं, "आणि ती जे सांगेल ते वहीत लिही. चांगलं असेल ते लिही, लाज वाटेल तेही लिही."

श्रोतेहो, तुम्हालाही तेवढंच सांगायचं आहे. नंदुरबार, शहादा, नवापूर, धडगाव, कुठेही असाल. भिल्ल, पावरा, मावची, गुजर, मकराणी, कुणीही असाल. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर दिवे लागल्यावर त्यांच्याजवळ बसा. आपल्यातलं कोण जागल्या होतं, कोण शिबंदीत होतं, कोण पलटणीत होतं, कोण डोंगरात पळालं होतं, कुठलं नाव घ्यायचं नाही म्हणतात, ते विचारा. नाव घ्यायचं नाही म्हणाले, तर का नाही तेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर पुन्हा विचारा. मला एका मुलानं विचारलं, त्याचे माझ्यावर उपकार आहेत.